सगळा माल काढायचा आहे

४ नोव्हेंबर

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र न वाचता फाडू नका. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून कागदावर आले. पत्ता तुमच्या जुन्या ऑफिसातल्या बाईंकडून काढला. त्यांच्यावर चिडू नका, मी त्यांच्यासमोर रडायचं नाटक केलं. अर्धं नाटकच होतं.

इथे सगळं ठीक आहे. तुमचा दादा उन्हाळ्यात डेपोतून निवृत्त झाला. मी अजून दंतवैद्यांच्या मागच्या खोलीत कवळ्या बनवते, तेच मेण, तोच प्लास्टरचा साचा. भांडायला मी हे पत्र लिहीत नाही. मला फक्त एक किरकोळ गोष्ट विचारायची आहे.

आईंच्या वेताच्या खुर्चीचा डावा हात मोडला होता. तो तुम्ही कशाने बांधला होता? मला निळी वायर आठवते. तुम्हीच बांधली होती, म्हणून तुम्हाला नक्की माहीत असणार.

का विचारते, तेही सांगते. तुमच्या दादाचा स्वभाव तुम्हाला नव्याने काय सांगायचा! कुठे ‘सेल’ची पाटी दिसली की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. पूर्वी नोकरी होती, तेव्हा पायांना निदान थोडी तरी वेसण होती. आता दिवसभर मोकळा. घरात थर्मास चार आहेत आणि चहा पिणारी माणसं दोन. आपल्याला बाग नाही, पण झाडं छाटायची कात्री आहे, एकावर एक फुकट मिळाली म्हणून त्याही दोन. दर वेळी घरी येऊन आपण किती वाचवले तेच सांगतो, किती खर्च केले ते कधीच नाही. मी माझ्यापुरता एक नियम केलाय, तो त्यालाही शिकवला. वस्तू हातात घेतली की डोळे मिटायचे आणि स्वतःला विचारायचं, ही पाटी नसती तर मला हे हवं होतं का? मी बहुतेक वेळा रिकाम्या हाताने घरी येते. तो डोळे मिटतो आणि मिटलेल्या डोळ्यांनीच पैसे देतो.

तर लाँड्रीच्या मागच्या गल्लीत त्याला एक दुकान सापडलंय. दारावर कापडी फलक आहे: ‘दुकान बंद होत आहे. सगळा माल काढायचा आहे.’ फलकाचा रंग उडालाय, म्हणजे हे बंद होणं बरेच दिवस चालू असावं. तिथून त्याने एक वेताची खुर्ची आणली. “फुकटातच मिळाली म्हण,” असं म्हणत जिन्यातून धापा टाकत वर आला. खुर्चीचा डावा हात निळ्या वायरने बांधलेला आहे.

मी म्हटलं, “अहो, ही आईंच्या खुर्चीसारखी नाही वाटत?”

तो म्हणाला, “वेताच्या खुर्च्या सगळ्या सारख्याच असतात.”

असतीलही. तुम्ही फक्त वायरचा रंग कळवा. एका ओळीचं कार्ड पुरे.

तुमची वहिनी


१२ नोव्हेंबर

वन्सं,

कार्ड आलं नाही. येईल असंही वाटलं नव्हतं.

तुमचा राग मी समजू शकते. आई गेल्यावर त्यांच्या घरातलं सगळं सामान तुमच्या दादाने एका टेम्पोवाल्याला एकगठ्ठा देऊन टाकलं. तुम्हाला विचारलं नाही. तुम्ही दुसऱ्या दिवशी आलात तर नुसत्या भिंती. तुम्ही त्या खोलीत उभ्या होतात, मी दारात होते, आणि तुम्ही एक शब्दही न बोलता माझ्या अंगावरून निघून गेलात. ते मी विसरलेले नाही. पण आता जे चाललंय ते तुमच्याशिवाय कोणाला सांगू, तेच कळत नाही.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहिली नाही. खुर्ची आणली तेव्हा तिच्या बैठकीवर, कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखा, खोलगटपणा होता. मी हात ठेवला. ऊब होती. तो म्हणाला, उन्हातून आणली ना. त्या दिवशी सकाळपासून ढग होते.

मग मी त्याचं पाकीटच काढून घेतलं. म्हटलं, आता काय घेतो ते बघू. तर दोन दिवसांनी हिरव्या काचेचा टेबलदिवा घेऊन हजर. आईंच्या उशाशी होता तसाच. मी म्हटलं, “पैसे कुठून आणलेत?” तर म्हणाला, “पैसे नाहीच लागले. तिथे अदलाबदल पण चालते. घरातलं नको असलेलं द्यायचं आणि हवं ते घ्यायचं. बुद्धिबळाचा पट पडूनच होता नाहीतरी.”

तो पट त्याच्या लंबूने दिला होता. लंबू तुम्हाला आठवत असेल, डेपोतला ड्रायव्हर, आपल्या दारातून वाकून आत यायचा. दर रविवारी दोघं खेळायचे आणि दर रविवारी भांडायचे.

परवा रविवारी लंबू आला. दार तुमच्या दादाने उघडलं.

“काय रे, पट मांडलास का?” लंबूने विचारलं.

दादा दाराला हात लावून उभाच राहिला. मग अगदी अदबीने म्हणाला, “कोण हवंय आपल्याला?”

लंबू हसला. “नाटकं पुरे. सरक.”

“माफ करा,” दादा म्हणाला, “पण आपण चुकीच्या मजल्यावर आला असाल.”

आणि दार लावून घेतलं. मी ओले हात पुसत धावत बाहेर गेले. लंबू जिन्यात उभा होता, चेहरा पडलेला. मी म्हटलं, चेष्टा करतात हो ते. तो म्हणाला, “वहिनी, चेष्टा करणाऱ्या माणसाचे डोळे असे नसतात.”

मी घरात येऊन विचारलं, “अहो, तो लंबू होता. तीस वर्षांचा दोस्त तुमचा.”

“कोण लंबू?” तो म्हणाला. अगदी मनापासून.

मी डॉक्टरांकडे नेते म्हटलं तर बिनतक्रार आला. त्यांनी तारीख, वार, बायको, बहीण सगळं विचारलं, आणि त्याने सगळं नीट सांगितलं. तुमचं तर टोपणनावही सांगितलं. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे उत्तम आहेत, निवृत्तीनंतर असं थोडंफार होतं.

दिवा त्याने छोट्या खोलीत ठेवलाय. म्हणजे तुमच्या खोलीत. खुर्चीही तिथेच आहे, खिडकीकडे तोंड करून, आईंची असायची तशी. तशी ठेवा असं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

तुमची वहिनी


२० नोव्हेंबर

वन्सं,

आज सरळ ‘तू’च म्हणते. तुम्ही-तुम्ही करत इतकं सगळं लिहिता येत नाही, आणि आपण एका ताटात जेवलेल्या आहोत.

परवा त्याने आईंचा करड्या रंगाचा स्वेटर आणला. खिशांना बाहेरून तपकिरी पट्टी असलेला. तू म्हणशील, वहिनी, असे स्वेटर बाजारात ढिगाने मिळतात. मिळू देत. डाव्या खिशाची पट्टी उसवली होती, ती मीच काळ्या दोऱ्याने टाचली होती, कारण तपकिरी दोरा संपला होता. आई मला म्हणाल्या होत्या, कोण बघतंय माझ्या खिशात? काळा दोरा जागच्या जागी आहे.

आणि तुला माहीत आहे तो स्वेटर कुठे गेला ते. तूच त्यांच्या अंगात घातलास. आईला थंडी फार वाजते म्हणालीस, आणि आपण त्यांना त्या स्वेटरसकट निरोप दिला. तो टेम्पोत नव्हता. तो कोणीही कोणाला विकलेला नाही.

मी हे त्याला सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर तोच समाधानी भाव, काहीतरी फार स्वस्तात पदरात पडल्यावर येतो ना, तो. म्हणाला, “अगं, केवढ्याला मिळाला विचार तरी.”

“केवढ्याला?”

“भिंतीवरचं जुनं घड्याळ दिलं.”

ते घड्याळ माझ्या वडिलांनी आम्हाला लग्नात दिलं होतं. मी पार सटकले. वाट्टेल ते बोलले. तो मुकाट्याने ऐकत राहिला आणि माझं झाल्यावर अगदी हळू म्हणाला, “अगं, मला एक सांग. आपली दोघांची ओळख कशी झाली?”

मला वाटलं, राग घालवायला लाडीगोडी करतोय. म्हणून चिडून म्हटलं, तुम्हीच सांगा. त्याने कपाळाला आठ्या घालून खूप वेळ आठवून पाहिलं. मग म्हणाला, “तू इथे आहेस हे माहितेय. कधीपासून आहेस, ते नाही आठवत.”

मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि त्याच्या आवाजात रडून घेतलं.

आता तो दिवसाचा बराचसा वेळ छोट्या खोलीत असतो. स्वेटर खुर्चीच्या पाठीवर घातलाय. तो समोर जमिनीवर बसतो, लहान मुलासारखा, गुडघे पोटाशी घेऊन. काल दुपारी मी जेवायच्या सुट्टीत घरी आले तर त्याचा आवाज येत होता. “परत सांग. हळू सांग. नाही कळलं.” मी दारातून पाहिलं. खुर्ची रिकामी होती. भर दुपारचं ऊन खुर्चीवर पडलं होतं आणि त्या उन्हात स्वेटरची एक बाही हलकेच वर-खाली होत होती. खिडकी बंद होती.

मग मीही ऐकलं. पुटपुटणं. शब्द नाहीत, नुसता ओठांचा ओलसर आवाज, तोंडात दात नसलेल्या माणसाचा असतो तसा. माझं आयुष्य तसल्या तोंडांत गेलंय, तो आवाज ओळखायला मी चुकत नाही.

त्याने मला पाहिलं आणि म्हणाला, “तिला काहीतरी सांगायचंय गं. पण कवळी नाही ना, म्हणून कळत नाही.”

मी दार ओढून घेतलं आणि कामावर परत गेले. गेले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना. एका गृहस्थांच्या खालच्या दातांची मांडणी करत होते, सगळे दात उलटे बसवले.

वहिनी


२७ नोव्हेंबर

वन्सं,

आज मी त्या दुकानात गेले. घड्याळ परत आणायला.

मला वाटलं होतं, अंधारं, कोंदट, जाळ्या लागलेलं काहीतरी असेल. तसलं काही नाही. स्वच्छ, उजेडाचं दुकान. फडताळं नीट लावलेली. आणि गर्दीही बऱ्यापैकी. फक्त कोणी बोलत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ एका उशीत नाक खुपसून उभे होते. एक बाई फ्रेम केलेला फोटो काउंटरवर देऊन त्या बदल्यात चहाची किटली घेत होती. फोटोत कोण आहे याकडे तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. किटली छातीशी धरून अशी हसत बाहेर गेली की मला तिचा हेवा वाटला. खरंच वाटला.

दुकान चालवणारी बाई माझ्याच वयाची असेल. चष्मा, अंगावर शाल, बोटांना वर्तमानपत्राची शाई. दुसऱ्या दुकानांतल्या बायका कशा अंगावर येतात, हे बघा, ते बघा करून. ही पुड्या बांधत होती, बांधतच राहिली. म्हणाली, “सावकाश बघा. घ्यायलाच हवं असं काही नाही.”

मी घड्याळाचं सांगितलं.

“गेलं ते,” ती म्हणाली. “फार स्वस्तात गेलं. विकलेला माल परत येत नाही.”

“कोणी नेलं?”

“ज्यांना हवं होतं त्यांनी.”

 कुठल्या तरी परक्या घरात आता माझ्या वडिलांचं घड्याळ टिकटिकत असणार, आणि त्याच्याबरोबर आणखी काय काय गेलं असेल कोणास ठाऊक.

तेवढ्यात माझं लक्ष काउंटरमागच्या काचेच्या वाडग्याकडे गेलं. वाडग्यात पाणी होतं आणि पाण्यात कवळी.

वन्सं, माणसाचा चेहरा एक वेळ विसरेन, पण हाताखालून गेलेली कवळी मी विसरत नाही. आईंनी मला सांगितलं होतं, सगळे दात सरळ लावलेस तर मी आरशात दुसरीच कोणीतरी दिसेन. म्हणून समोरचा एक दात मी किंचित वाकडा बसवला होता, त्यांचा मूळचा होता तसा. पुढे ती त्यांच्या हातून मोरीत पडून तडकली, ती मीच सांधली, आणि त्या सांध्याची रेघ टाळूवर राहिली. वाकडा दातही होता आणि रेघही होती. आणि आईंना निरोप देताना ती त्यांच्या तोंडात होती. मीच बसवली होती माझ्या हातांनी, तुझ्या देखत. आईला बोळक्या तोंडाने पाठवायचं नाही, असं तूच म्हणाली होतीस.

“ही राखून ठेवलीय,” ती बाई म्हणाली. “तुमच्या यजमानांसाठी. उद्या माळ्यावरची ट्रंक आणून देतो म्हणालेत.”

आमच्या माळ्यावर एकच ट्रंक आहे. तुझी. तू आमच्याकडे राहायला आलीस तेव्हाची, तुझ्याच कुलुपासकट.

 ती अगदी मायेने बोलत होती. “तुमच्यासाठीही आलंय काहीतरी,” म्हणाली, आणि टेबलाखालून एक काठी काढून माझ्यासमोर ठेवली. माझ्या वडिलांची. खालचं रबर निसटायचं म्हणून मी त्यात चपटा खिळा मारला होता. मी मूठ धरली. मूठ गरम होती. आणि मागच्या पडद्याआड कोणीतरी खोकलं. दोनदा खोकून तिसऱ्यांदा घसा खाकरायची पद्धत माझ्या बाबांचीच.

मी माझा नियम वापरायला डोळे मिटले. ही पाटी नसती तर मला हे हवं होतं का? आणि हवंच होतं गं. पूर्ण किमतीला हवं होतं, दुप्पट किमतीला हवं होतं. त्या क्षणी माझा नियम काही कामाचा उरला नाही.

“काय द्यावं लागेल?” मी विचारलं. हो, मी विचारलं. तुझ्यापासून लपवत नाही.

“पर्समध्ये बघा ना. नको असलेलं काहीही.” तिने स्वतःच मान वाकवून पाहिलं. “ते पत्र चालेल. नाहीतरी उत्तर येत नाही ना तिकडून?”

पर्समध्ये तुझ्या पत्त्याचं पाकीट होतं, मागच्या पत्राचं. तिकीट लावूनही आठवडाभर टाकायचं राहून गेलं होतं. माझा हात पर्सच्या चेनवर होता. चेन अर्धी उघडलीही होती. मग मला लंबूशी बोलतानाचा तुझ्या दादाचा चेहरा आठवला, ते ‘कोण हवंय आपल्याला’. उद्या तू दारात उभी राहशील आणि मी तुला तेच, तितक्याच अदबीने विचारेन. मी काठी खाली ठेवली. ठेवताना मूठ बोटांना चिकटल्यासारखी झाली, ओढून सोडवावी लागली. पडद्याआडचा खोकला थांबला. ते थांबणं सगळ्यात वाईट होतं.

मी पळत सुटले. वाटेत पहिल्या पेटीत ते पत्र टाकलं. हे आता घरी येऊन लिहितेय. तो माळ्याखाली स्टूल लावतोय, पायांचा आवाज येतोय. पुढचं नंतर लिहिते.


२८ नोव्हेंबर

काल स्टुलावरून त्याला उतरवला, पण आज दुपारी मी कामावरून लवकर आले तर तो ट्रंक ओढत जिन्यात पोचला होता. दोन जिने उतरून झाले होते. मी पुढे जाऊन ट्रंकेवरच बसले.

“ऊठ,” तो म्हणाला.

“नाही उठत.”

“कोणी वापरत नाही ती. धूळ खात पडलीय.”

“कोणाची आहे ही?”

“बहिणीची. माहितेय मला, वेडा नाही झालोय.” त्याचा श्वास लागला होता. “ती येते का? फोन करते का? आणि तिकडे आई दिवसभर काहीतरी सांगतेय, एक अक्षर कळत नाही मला. एवढी कवळी मिळाली की झालं. मग काही नको, कुठल्या सेलला जाणार नाही, शप्पथ.”

“तुम्हाला काय ऐकायचंय आईंकडून?”

 तो पायरीवर बसला. जिन्याच्या भिंतीला डोकं टेकून म्हणाला, “मला ते घर उघडवत नव्हतं गं. तिचा चहाचा कप तसाच होता खिडकीत. म्हणून टेम्पोवाल्याला किल्ली दिली आणि म्हटलं, काय द्यायचं ते दे, सगळं ने. आत गेलोच नाही मी. मला फक्त एकदा तिने म्हणावं, बरोबर केलंस बाळा.”

“आणि त्या म्हणाल्या, चूक केलंस, तर?”

हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. 

“सामान आईंचं होतं,” मी म्हटलं, “पण रागावली ती तुमची बहीण. विचारायचं तर तिला विचारा. ती जिवंत आहे, आणि तिच्या तोंडात सगळे दात आहेत.”

त्याला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. आणि नेमकी तेव्हाच खालून पावलं वाजली. ती दुकानातली बाई वर येत होती, शाल सावरत, हातात वर्तमानपत्राची पुडी. आमच्या खालच्या पायऱ्यांपाशी थांबली. धाप वगैरे काही लागलेली नव्हती.

“राहू द्या ती ट्रंक,” ती म्हणाली. “जड आहे. ही कवळी अशीच घ्या. फुकट.”

वन्सं, फुकट हा शब्द ऐकल्यावर तुझ्या दादाचा हात आपोआप पुढे होतो, हे मी आयुष्यभर पाहिलंय. आत्ताही झाला. मी त्याला धरलं नाही. धरून किती दिवस धरणार? मी फक्त विचारलं, “अहो, बहिणीला लहानपणी काय हाक मारायचात?”

“भुंगी,” तो म्हणाला. “सारखी गुणगुणायची म्हणून.” हात हवेतच होता. मग त्याने त्या बाईला विचारलं, “ही घेतली तर हे माझ्याकडे राहील ना? भुंगी?”

ती गोड हसली. “आई मिळतेय तुम्हाला. त्यात एखादं नाव गेलं तर काय मोठंसं?”

तो त्या पुडीकडे बघत राहिला.  वर, आमच्या घरातून, बंद दारांमधूनही ते पुटपुटणं येत होतं, आता मोठ्याने, घाईघाईने. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्याने पुढे केलेला हात मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने घट्ट धरून मांडीखाली दाबला, चोरी करताना पकडलेलं पोर दाबतं तसा.

“नको,” तो म्हणाला. “फुकट पण नको.”

ती बाई रागावली नाही. “ठीक आहे. ठेवून जाते. विचार बदलला तर असावी,” म्हणाली. जाताना तळमजल्याच्या शेवटच्या पायरीवर तिने ती पुडी ठेवली आणि गेली.

आम्ही दोघांनी मिळून ट्रंक वर आणली. त्याची कंबर धरलीय, मी लेप लावलाय.


६ डिसेंबर

भुंगे,

उत्तर नाही आलं तरी हे शेवटचं लिहिते, पुन्हा त्रास देणार नाही.

गेलेलं काही परत आलेलं नाही. लंबूला मी सगळं खरं सांगितलं. त्याने विश्वास ठेवला की नाही माहीत नाही, पण रविवारी नवा पट घेऊन आला आणि दारात वाकून म्हणाला, “नमस्कार. मी लंबू. बुद्धिबळ येतं का तुम्हाला?” दादाने त्याला आत घेतलं. तासाभरात दोघं भांडायला लागले.

आमची ओळख कशी झाली, ते मी त्याला रोज चहाच्या वेळी सांगते. तो मन लावून ऐकतो. मी थोडं वाढवूनही सांगते. खरं तर तो दाढ दुखते म्हणून सुजलेला गाल घेऊन आमच्या दवाखान्यात आला होता, मी आता गाल वगळलाय. माझे वडील कसे होते तेही सांगते. ते सांगताना मात्र वाढवत नाही.

दुकान आहे तिथेच आहे. फलकही तसाच. तो लाँड्रीकडून न जाता लांबच्या रस्त्याने फिरायला जातो, आणि परत आल्यावर मला सांगतो, आज नाही गेलो. मी म्हणते, मीही नाही. कारण मलाही जावंसं वाटतं. कामावर हात प्लास्टरमध्ये असतात आणि कानात ते खोकणं येतं. रोज येतं.

छोट्या खोलीतलं काहीही आम्ही हलवलेलं नाही. हलवायची हिंमत झाली नाही, आणि द्यायचं तरी कोणाला? पुटपुटणं चालू आहे. पण आता त्यात घाई नाही. दुपारी, ऊन खुर्चीवर आलं की सुरू होतं, आणि ऊन सरकलं की थांबतं. तुझा दादा आता ‘परत सांग’ म्हणत नाही. नुसता जवळ बसून राहतो. परवा मीही बसले. घाबरले नाही असं म्हणणार नाही.

शेवटच्या महिन्यांत आईंना कवळी सोसेना, तेव्हा त्यांचं बोलणं आम्हाला कोणालाच कळायचं नाही. तू उशाशी बसून आम्हाला सांगायचीस, आई पाणी मागतेय, आई खिडकी उघड म्हणतेय. ते मला परवा तिथे बसल्यावर आठवलं, आणि मग मी दादालाही आठवण करून दिली.  तो म्हणाला, “तिला लिही. मी माफी मागतो असं लिही. नाही, नको लिहूस. ती आली की मीच मागेन.”

म्हणून लिहितेय. ये. रागाने आलीस तरी ये. दार मी उघडेन आणि तुला ओळखेन.

जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर वर्तमानपत्राची एक पुडी अजून पडलेली असेल. झाडणारासुद्धा तिच्या कडेकडेने झाडतो. ती कितीही ओळखीची वाटली तरी तिला हात लावू नकोस. ओलांडून सरळ वर ये.

तुझी वहिनी